फोटोखालच्या चार ओळी



फोटो ही डोळ्यांनी पाहायची गोष्ट आणि रेडिओ कानांनी ऐकायची. तेव्हा आकाशवाणीवरून फोटोंविषयी बोलणं जरा चमत्कारिकच वाटेल. पण आज ज्या फोटोंविषयी मला बोलायचं आहे, त्यांचं निम्मं बळ त्यांच्याखाली लिहिलेल्या मजकुरात आहे. आणि मजकूर तर ऐकवता येतो.

आपल्याकडच्या कुठल्याही कामगारवस्तीत जा. घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर हार घातलेला एक फोटो दिसतो. चेहरा थोडा पुसट असतो, कारण तो फोटो मूळचा एवढासा, पासपोर्ट आकाराचा. कारखान्याच्या ओळखपत्रासाठी किंवा बँकेच्या पासबुकासाठी काढलेला. माणूस गेल्यावर त्याचा दुसरा फोटो सापडत नाही, म्हणून स्टुडिओत नेऊन तोच मोठा करून घेतात. फोटोखाली नाव असतं, जन्माची आणि मृत्यूची तारीख असते. पण हा माणूस तीस वर्षं काय काम करत होता? त्या कामानं त्याच्या छातीचं, हातांचं, कानांचं काय केलं? यातलं काहीही त्या भिंतीवर लिहिलेलं नसतं. ज्या कामात आयुष्य गेलं आणि पुष्कळदा ज्या कामानं ते संपवलं, ते काम फोटोच्या चौकटीबाहेरच राहतं.

ते काम चौकटीत आणण्याचा प्रयत्न काही छायाचित्रकारांनी आयुष्यभर केला. कामानं जायबंदी झालेल्या माणसाचा फोटो काढून त्याचा सन्मान करता येतो का, आणि येत असेल तर कसा, हा आजचा विषय.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागते. न्यूयॉर्कच्या एका शाळेत ल्युइस हाइन नावाचे शिक्षक होते. १९०७-०८च्या सुमाराला पिट्सबर्ग या पोलादनगरीची एक मोठी सामाजिक पाहणी झाली. तिच्यासाठी हाइन यांनी फोटो काढले. त्या पाहणीत क्रिस्टल ईस्टमन या तरुण वकीलबाईंनी एकाच परगण्यातल्या अपघातांचा हिशोब मांडला. जुलै १९०६ ते जून १९०७ या एका वर्षात, त्या एका परगण्यात, कामावर ५२६ माणसं मेली होती. हा आकडा लोकांच्या डोळ्यांत भरावा म्हणून एक साधी युक्ती करण्यात आली. वर्षाचं कॅलेंडर छापलं आणि ज्या दिवशी जितकी माणसं गेली, तितक्या फुल्या त्या तारखेवर मारल्या. पोलादाच्या कारखान्यांचा धूर लोक रोज पाहत होते, फुल्या मात्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिल्या.

१९०८पासून हाइन बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय समितीचे छायाचित्रकार झाले. कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी, काचेच्या भट्ट्या, सगळीकडे ते हिंडले. मालक आत सोडत नसत. मग कधी बायबल विकणारा, तर कधी आगीची तपासणी करणारा अधिकारी बनून ते आत जात. खिशात वही आणि पेन्सिल असे. कोटाच्या कुठल्या बटणापर्यंत मुलाचं डोकं येतं हे पाहून ते त्याची उंची ठरवत आणि खिशातल्या खिशात टिपून ठेवत. फोटोबरोबर मुलाचं वय, काम, मजुरी, ठिकाण, तारीख हे सगळं नोंदवलेलं असे. त्या समितीसाठीचे पाच हजारांहून अधिक फोटो आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, आणि त्यांच्या नोंदीही.

त्यातला एक फोटो नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या एका मुलाचा आहे. साल १९१२. मुलाच्या हाताला पट्टी बांधलेली. सूतगिरणीत यंत्राचा एक भाग त्याच्या पायावर पडला, तो तोल जाऊन साच्यावर कोसळला. दातेरी चक्रांवर झाकण नव्हतं. दोन बोटं गेली. फोटो पाहून आपण हळहळू आणि पान उलटू. पण हाइन यांची नोंद तसं करू देत नाही. मुलानं वकिलाला आपलं वय किती सांगितलं, आईवडील किती सांगतात, शाळेच्या दप्तरात किती आहे, बाईंना किती वाटतं, हे सगळं त्यांनी एकेक करून लिहिलं आहे. नुकसानभरपाईचे पैसे आपल्याला नव्हे तर मुलाला मिळणार, हे कळल्यावर वडिलांनी कंपनीशी तडजोड करायला पाहिली, हेही लिहिलं आहे. कुणाला साधू किंवा सैतान ठरवलेलं नाही. जे घडलं ते, ज्यानं सांगितलं त्याच्या हवाल्यानं नोंदवलं आहे. म्हणूनच शंभर वर्षांनंतरही त्या नोंदीला कुणी खोटं म्हणू शकत नाही.

हाइन यांना फोटोची मर्यादाही ठाऊक होती. फोटो खोटं बोलत नसेल, पण खोटं बोलणारा माणूस फोटो काढू शकतो, असं ते सांगत. म्हणून त्यांनी वही सोडली नाही. बालमजुरीवर अमेरिकेत देशव्यापी कायदा टिकून राहायला १९३८ साल उजाडलं. त्याआधीचा १९१६चा कायदा न्यायालयानं दोनच वर्षांत रद्द केला होता. म्हणजे फोटो निघाला आणि दुसऱ्या दिवशी जग सुधारलं, असं काही झालं नाही. तीस वर्षं लागली. हाइन स्वतः १९४० साली हलाखीत वारले.

आता यंत्रात तुटलेलं बोट फोटोत दिसतं. पण कामानं होणारं सगळं नुकसान असं दिसत नाही. खरी अडचण इथून पुढे सुरू होते.

दगड फोडताना, खाणीत भोक पाडताना, काच किंवा पाटीवरची पेन्सिल बनवताना सिलिकाची धूळ उडते. तिच्यातले मोठे कण नाकात, घशात अडकतात. पण काही मायक्रॉनचे बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस या कणांच्या दहापट तरी जाड असतो. म्हणजे मारणारी धूळ नेमकी तीच, जी डोळ्यांना दिसत नाही. फुप्फुस आतून निबर होत जातं. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा करणारं औषध नाही. पुष्कळदा तो क्षय समजला जातो आणि माणूस क्षयाच्या गोळ्या खात खात जातो.

ॲस्बेस्टॉसचं त्याहून वाईट. त्याच्या तंतूंमुळे होणारा कर्करोग वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. तोवर माणूस निवृत्त होऊन गावी गेलेला असतो, कारखान्याला टाळं लागलेलं असतं.

आणि कापसाची धूळ तर आपल्या गिरणगावाला नवी नाही. कापूस पिंजायच्या खात्यातल्या कामगाराची छाती साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर गेलं की त्याच दिवशी सर्वांत जास्त आवळते. डॉक्टरांच्या पुस्तकात या रोगाला बिसिनोसिस असं नाव आहे. घरात त्याला खोकला म्हणतात, फार तर दमा.

मग श्वास न पुरणं याचा फोटो कसा काढायचा? अमेरिकेतल्या अर्ल डॉटर या छायाचित्रकारानं पन्नासहून अधिक वर्षं याच प्रश्नाशी झुंज घेतली. १९७०च्या दशकात ते खाणकामगारांच्या संघटनेच्या मासिकाचे छायाचित्रकार होते. केंटकीमधल्या स्कोशिया खाणीत मार्च १९७६मध्ये दोन स्फोट झाले. ९ मार्चला १५ माणसं गेली. दोन दिवसांनी आत उतरलेल्यांपैकी आणखी ११ गेली, त्यांत तीन तर सरकारी निरीक्षकच होते. अंत्यविधीच्या जागी डॉटर यांनी एका खाणकामगाराच्या तरुण विधवेचा फोटो टिपला. पुढच्याच वर्षी, १९७७मध्ये, तिथे खाणसुरक्षेचा नवा, अधिक कडक कायदा झाला. एका फोटोनं तो झाला असं कुणी म्हणू नये. पण त्या २६ जणांमागे घरं होती, हे विसरणं त्या फोटोनं अवघड केलं.

डॉटर यांनी कोळशाच्या धुळीनं छाती गेलेल्या खाणकामगारांचे आणि कापसाच्या धुळीनं पोखरलेल्या गिरणीकामगारांचे फोटो काढले. १९९८ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावाचा आशयच ‘मूक आजार’ असा आहे. धूळ दिसत नसेल, तर धुळीनं मागे काय ठेवलं ते दाखवायचं, ही त्यांची रीत. पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला आपल्या भिंतीवरच्या त्या हार घातलेल्या फोटोच्या फार जवळची वाटते. ॲस्बेस्टॉसशी ज्यांचा संबंध आला अशा उद्योगांमधली जुनी ओळखपत्रं, छातीवर लावायचे फोटोचे बिल्ले, त्यांनी गोळा केले आणि ॲस्बेस्टॉसच्या कामगारांना श्रद्धांजली म्हणून प्रदर्शनात मांडले. मूळचे हे फोटो मालकानं काढलेले. फाटकातून कुणाला आत सोडायचं हे पहारेकऱ्याला कळावं, एवढ्याचसाठी. तेच बिल्ले आता उलट साक्ष देऊ लागले. हा माणूस इथे होता, या कारखान्यात होता, तरुण आणि धडधाकट होता.

श्रोतेहो, ‘हा माणूस इथे होता’ हे चार शब्द क्षुल्लक वाटतात. पण आपल्या देशात हजारो माणसांचा न्याय या चार शब्दांपाशी अडला आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर भागातले आदिवासी मजूर गुजरातमध्ये गोध्रा परिसरात गारेचे दगड दळण्याच्या कारखान्यांत कामाला गेले. काही महिने, फार तर काही वर्षं काम केलं आणि गावी येऊन सिलिकोसिसनं मरू लागले. प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अखेर मे २०१६मध्ये न्यायालयानं २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. अशा मजुराकडे नेमणुकीचं पत्र नसतं, हजेरीपटावर नाव नसतं, बिल्ला तर नसतोच. छाती निकामी झाल्याचं एक्स-रे सांगतो. ती कुठे निकामी झाली, हे कोण सांगणार?

याचं महत्त्व आपल्या न्यायालयानं फार पूर्वी ओळखलं होतं. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांविषयीच्या १९९५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आणि त्यांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षं सांभाळून ठेवायला सांगितलं. चाळीस वर्षं! रोग उशिरा उगवतो, म्हणून कागद तितका टिकला पाहिजे. नाव, तारीख, जागा लिहिलेला फोटो हाही असाच एक कागद आहे.

आता मुंबईत येऊ. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे हे मुंबईतले वृत्तछायाचित्रकार. त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो अनेक वर्षं काढले. त्यांचं पुस्तक २०१३ साली प्रसिद्ध झालं आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे फोटो बहुतांशी कृष्णधवल आहेत. गटारात उतरलेला माणूस, उघड्या हातांनी कचरा भरणारी माणसं, आणि मग त्यांची घरं, बायकामुलं. हा शेवटचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. आपण रस्त्यावर नाकाला रुमाल लावून ज्याच्या बाजूनं निघून जातो, त्याला घर आहे, हे फोटो आपल्याला सांगतात. ज्या शहरातले लोक रोज सकाळी त्याच्यामुळे स्वच्छ रस्त्यावर पाऊल ठेवतात, त्या शहरानं त्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला तो प्रदर्शनात.

या कामाशी जात चिकटलेली आहे, हे तर आपल्याला माहीत असूनही आपण मोठ्यानं बोलत नाही. हातानं मैला साफ करून घेण्याला बंदी घालणारा नवा कायदा २०१३ साली झाला. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. तरीही मॅनहोलमध्ये गुदमरून मेल्याची बातमी येतच राहते. त्या बातमीत पुष्कळदा ‘तीन कामगारांचा मृत्यू’ एवढंच असतं. फोटो असतो तो उघड्या झाकणाचा आणि जमलेल्या गर्दीचा.

इथे सन्मान आणि दया यांतला फरक लक्षात येतो. सुझान सोन्टॅग या लेखिकेनं २००३ साली सेबास्तियाव साल्गाडो या जगप्रसिद्ध छायाचित्रकाराच्या स्थलांतरितांच्या फोटोंवर एक आक्षेप घेतला होता. साल्गाडो यांनी आपल्याकडे धनबादच्या कोळसा खाणींतल्या कामगारांचेही फार देखणे फोटो काढले आहेत. सोन्टॅग यांचं म्हणणं असं, की फोटो कितीही भव्य असला, तरी खाली माणसाचं नाव नसेल तर तो माणूस राहत नाही, आपल्या धंद्याचा किंवा आपल्या दैन्याचा नमुना होतो. नटनट्यांच्या फोटोखाली नाव असतं, मंत्र्याच्या फोटोखाली असतं. मग खाणकामगाराच्या फोटोखाली नुसतं ‘खाणकामगार’ का? मला हा आक्षेप रास्त वाटतो.

पण नाव लिहिणं इतकं सोपंही नाही. जो अजून कामावर आहे, त्याचं नाव छापलं तर उद्या त्याला फाटकाबाहेर उभं करतील. कंत्राटी कामगाराला तर कारणही सांगावं लागत नाही. आजाराचं नाव जाहीर झालं तर मुलीचं लग्न अडेल, अशी भीती घरच्यांना असते. तेव्हा नाव द्यायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्या माणसाचा. तो नको म्हणाला तर नको.

आणि हा हक्क एकदा होकार दिला म्हणून संपत नाही. जपानमधल्या मिनामाता गावाची गोष्ट आपल्याला माहीत असेल. कारखान्यातून समुद्रात सोडलेल्या पाऱ्यानं तिथल्या कोळी कुटुंबांचा घात केला. ती कारखान्यातली माणसं नव्हती, पण प्रश्न तोच. यूजीन स्मिथ यांनी १९७१ साली तिथे एका आईचा फोटो काढला. जन्मापासून अपंग असलेल्या मुलीला ती न्हाऊ घालते आहे. तो फोटो जगभर गेला, त्यानं मिनामाताचं दुःख जगाला सांगितलं. पुढे मुलगी वारली. फोटो मात्र छापला जातच राहिला. आता आमच्या लेकीला विश्रांती मिळू दे, अशी आईवडिलांची इच्छा होती. स्मिथ यांच्या एकेकाळच्या पत्नी आयलीन यांनी १९९८ साली त्या फोटोबद्दल ठरवण्याचा अधिकार आईवडिलांकडे सोपवला आणि नव्या पुस्तकांना, कार्यक्रमांना तो देणं थांबलं. जगातल्या अत्यंत गाजलेल्या फोटोंपैकी एक असा घरच्यांच्या शब्दाखातर बाजूला ठेवला गेला. माझ्या मते तोही त्या मुलीचा सन्मानच होता.

मग आपण काय करू शकतो? आपल्यापैकी बहुतेक जण काही छायाचित्रकार नाहीत. पण आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. आणि कामानं जायबंदी झालेलं कुणीतरी प्रत्येकाच्या नात्यात किंवा शेजारात आहे. पिठाच्या गिरणीतले काका, यंत्रमागाच्या आवाजानं कान गेलेले मामा, तंबाखूच्या वखारीत खोकून खोकून बेजार झालेली मावशी. हार घालायची वेळ येण्याआधी त्यांचा एक नीट फोटो काढावा. त्यांना हवा तसा. हवं असेल तर चांगले कपडे घालून, हवं असेल तर हातात आपलं हत्यार घेऊन. आणि फोटोखाली चार ओळी लिहाव्यात. नाव काय. काम कोणतं, कुठे. किती वर्षं. त्या कामानं काय दिलं आणि काय नेलं. त्यांना विचारून, त्यांच्याच शब्दांत.

कारखान्यांच्या फाटकावर एक फलक असतो, शेवटच्या अपघाताला इतके दिवस झाले, असं सांगणारा. तो आकडा वाढत गेला की सगळ्यांना बरं वाटतं, आणि वाटावंही. पण धुळीनं मेलेल्या माणसासाठी तो आकडा कधी शून्यावर येत नाही. तो मरतो निवृत्तीनंतर, गावाकडे, आपल्या खाटेवर. त्या फलकावर त्याला जागाच नाही. २८ एप्रिल हा दिवस जगभर कामावर मेलेल्या आणि जायबंदी झालेल्या कामगारांच्या स्मरणाचा म्हणून पाळला जातो. त्या दिवशी तरी त्या फलकाशेजारी अशा माणसांचे फोटो लागावेत, चार ओळींसह. कामगार संघटनांनी हे मनावर घेतलं तर फार खर्चाचं काम नाही.

असे फोटो पाहून कुणाची छाती बरी होणार नाही, गेलेलं बोट परत येणार नाही. पण फाटकातून आत जाणारा विशीतला पोरगा ते फोटो पाहील. खालच्या ओळी वाचील. आपलंच खातं, आपलंच काम त्यात त्याला दिसेल, आणि तो विचारील, मास्क कुठे आहे? पंखा का बंद आहे? त्याच्या तोंडी हा प्रश्न आला, तर त्या भिंतीवरच्या माणसाचा याहून मोठा सन्मान कोणता?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)